काल भाकरी कशी खाल्लीत?

दंतमहाविद्यालयात पाऊल टाकलं की पहिली सवय लागते ती दात मोजायची. किडलेले किती, गेलेले किती, भरलेले किती. तिन्हींची बेरीज केली की रुग्णाचा आकडा तयार होतो. ही पद्धत १९३८ सालची. अमेरिकेत मेरिलँड राज्यातल्या हेगर्सटाउनमध्ये शाळकरी मुलांचे दात तपासताना क्लाइन, पामर आणि नटसन यांनी ती बसवली. अजून जगभर तीच चालते आणि चालायलाच हवी, कारण तिच्यावाचून कुठल्या तालुक्यात कीड किती पसरली आहे याचा पत्ताच लागणार नाही.

ज्यांच्या तोंडाचं बोळकं झालं आहे त्यांच्यापाशी मात्र ही बेरीज थांबते. त्यांचा आकडा एकदा ठरला की ठरला. कवळी बसवली तरी तोच, ती कवळी महिनाभरात ट्रंकेत गेली तरी तोच. माणूस जेवतो कसा, बोलताना तोंडाला पदर लावतो का, लग्नाच्या पंगतीत बसतो का, यातलं काहीही त्या आकड्यात येत नाही. मी सार्वजनिक आरोग्य दंतशास्त्र शिकवते आणि गेली काही वर्षं सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढा, सांगोला भागातल्या गावांमध्ये व्हॅन घेऊन म्हाताऱ्या माणसांची तपासणी करते. तोंडाचं आरोग्य आणि जगण्याचा दर्जा यांचं नातं हा माझ्या कामाचा विषय आहे. शोधनिबंधात लिहिता येत नाही असं बरंच काही या कामात हाती लागतं, ते आज इथे लिहिते आहे.

आधी थोडं या संशोधनाबद्दल. दातांच्या दुखण्याने माणसाच्या रोजच्या जगण्यावर, कामावर, चारचौघांत वावरण्यावर काय होतं तेही मोजायला हवं, असं कोहेन आणि जागो यांनी १९७६ मध्ये मांडलं. पुढे १९८८ मध्ये टोरांटोच्या डेव्हिड लॉकर यांनी त्याची उतरंड मांडली: रोगातून बिघाड, बिघाडातून दुखणं आणि अडचण, त्यातून रोजची कामं अडणं आणि शेवटी समाजातलं आपलं स्थानच डळमळणं. या चौकटीवर ऑस्ट्रेलियात ॲडलेडला स्लेड आणि स्पेन्सर यांनी १९९४ मध्ये ४९ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. तिच्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे तिची सुरुवात. त्यांनी ६४ दंतरुग्णांना बोलतं केलं, त्यांच्या तोंडून ५३५ वाक्यं गोळा केली आणि त्यांतून बहुतेक प्रश्न निवडले. म्हणजे प्रश्न रुग्णांच्या बोलण्यातून आले. डॉक्टरांना काय महत्त्वाचं वाटतं ते नंतर.

१९९७ मध्ये स्लेड यांनी तिची १४ प्रश्नांची आटोपशीर आवृत्ती काढली. ओएचआयपी-१४ (ओरल हेल्थ इम्पॅक्ट प्रोफाइल) म्हणून ती आता जगभर वापरली जाते, आम्हीही वापरतो. दात, तोंड किंवा कवळी यांच्यामुळे शब्द उच्चारायला त्रास झाला का? चव बिघडल्यासारखी वाटली का? जेवण अर्ध्यावर सोडावं लागलं का? लाज वाटली का? घरच्यांवर चिडचिड झाली का? रोजची कामं अडली का? उत्तरं पाच: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी. गुण ० ते ४. एकूण बेरीज ० ते ५६. बेरीज जितकी मोठी, तितका तोंडाचा जाच जास्त.

कागदावर हे फार सोपं दिसतं. ओसरीवर बसून विचारायला लागलं की गाठी लक्षात येतात.

मंगळवेढ्याच्या बाजूच्या एका गावातल्या आज्जी. मालदांडी ज्वारीचा पट्टा तो, काळी माती, घराघरात ज्वारीची पोती. आज्जी सुपात तूर निवडत बसल्या होत्या, वरच्या जबड्यात एकही दात नाही, खाली पुढचे दोन, तेही हलणारे. मी एकेक प्रश्न विचारत गेले आणि त्या प्रत्येकाला मान हलवत गेल्या. न्हाई. न्हाई. तसलं काय न्हाई बाई. चौदा प्रश्न संपले तेव्हा बेरीज होती दोन. कागदावर बघितलं तर तोंडाच्या बाबतीत या बाईइतकं सुखी गावात कुणी नव्हतं.

प्रश्नावली मिटवून मी सहज विचारलं, "काल भाकरी कशी खाल्लीत, आज्जी?"

मग त्या बोलायला लागल्या. भाकरी चुलीवरून उतरल्यावर लगेच खावी लागते, गार झाली की ती आपल्याला नाही. ती आमटीत कुस्करायची, ताटावर झाकण ठेवायचं, घटकाभराने काला मऊ झाला की गिळायचा. चावायचा प्रश्नच नाही. कच्चा कांदा बंद होऊन किती वर्षं झाली ते आठवत नव्हतं. शेंगाची चटणी ताकात कालवून. मेथीची भाजी आवडते, पण तिचा चोथा घशाशी अडकतो म्हणून नको. हरभऱ्याची उसळ केली तर त्यातलं पाणी घेतात. जेवायला बसतात सगळ्यांचं झाल्यावर, कारण वेळ लागतो आणि तोंडातून सांडतं. आणि लग्नकार्यात? लग्नाला जातात, अक्षता टाकतात, पण पंगत बसली की त्यांना उपास असतो. कुठला वार ते त्या दिवशी ठरतं. हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं, त्यात तक्रारीचा सूर नव्हता.

आमच्या सोलापूरकडची कडक भाकरी सगळ्या महाराष्ट्रात कौतुकाने खातात. ज्या घरात ती रोज होते त्याच घरात एखाद्या माणसाला ती चावता येत नाही, याचा अर्थ बाहेरच्याला पटकन कळत नाही. पुण्या-मुंबईत दात नसलेल्या माणसाला पाव असतो, इडली असते, मऊ भात असतो. इथे ज्वारी हेच अन्न. ब्रिटनमध्ये ६५ वर्षांवरच्या लोकांच्या आहाराचा राष्ट्रीय अभ्यास झाला, तेव्हा बिनदातांच्या लोकांच्या पोटात चोथा आणि क जीवनसत्त्व कमी जातं असं आढळलं होतं. आज्जींनी सोडलेल्या पदार्थांची यादी डोळ्यांसमोर आणा: कच्चा कांदा, पालेभाजी, उसळ, शेंगदाणे. गरीब शेतकरी घरातलं सगळं पोषण तर तिथेच आहे.

मग चौदा प्रश्नांना "न्हाई" का? मला दोन कारणं दिसतात.

पहिलं कारण घरातलं. मी प्रश्न विचारत होते तेव्हा सून दारात उभी होती. "खाण्यापिण्याचं समाधान नाही असं वाटतं का?" या प्रश्नाला सुनेसमोर होय म्हणणं म्हणजे तिच्या हातच्या अन्नाला नाव ठेवणं. कुठलीही शहाणी सासू पाहुण्या डॉक्टरीणबाईपुढे असं करणार नाही. म्हणून आता आमचे विद्यार्थी दोघादोघांनी जातात, एकजण सुनेचे किंवा नातवंडांचे दात तपासायला आत बसतो, तोवर दुसरा म्हाताऱ्या माणसाशी बोलतो. एवढ्यानेही उत्तरं बदलतात.

दुसरं कारण खोल आहे. म्हातारपणी दात जायचेच, त्यात विचारायचं काय, असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांना त्रास हा त्रास म्हणून दिसतच नाही. त्यांनी जगणं तेवढं आखूड करून घेतलेलं असतं आणि त्या आखूड जगण्यात त्यांची खरोखर तक्रार नसते. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हीच गोष्ट केरळ आणि बिहारची तुलना करून दाखवली होती. केरळमध्ये लोक जास्त जगतात, तरी आपण आजारी आहोत असं सांगणारेही तिथेच जास्त. बिहारमध्ये आयुष्य कमी आणि तक्रारीही कमी. शाळा, दवाखाना, माहिती मिळाली की माणसाला आपलं दुखणं ओळखता येतं आणि ते बरं होऊ शकतं हेही कळतं. जिथे दवाखानाच नाही तिथे दुखण्याला नशीब म्हणतात.

म्हणून कमी गुण पाहिले की मी आता सावध होते. एखाद्या सरकारी बैठकीत कुणी म्हणालं, "ग्रामीण ज्येष्ठांचा तोंडाच्या आरोग्याशी निगडित जीवनमानाचा गुणांक समाधानकारक आहे," तर माझ्या अंगावर काटा येतो. असे निष्कर्ष काढले गेले तर त्यांच्या नावाने निधी दुसरीकडे वळेल, आणि आज्जींच्या सोसण्याचा वापर त्यांच्याच विरुद्ध होईल.

याच्या उलटही घडतं. थायलंडच्या खेड्यांत अदुल्यानोन आणि शेहॅम यांनी १९९६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या लोकांत दातांचे आजार कमी होते, दात मोजणाऱ्याने हात झटकून पुढे जावं असे. पण रोजच्या आठ गोष्टी धरून विचारल्यावर (खाणं, बोलणं, दात घासणं, झोप, हसणं, मन स्थिर राहणं, काम आणि माणसांत मिसळणं) जवळपास तीन-चतुर्थांश लोकांनी मागच्या सहा महिन्यांत यातलं काहीतरी तोंडामुळे अडल्याचं सांगितलं. सर्वांत जास्त अडलं होतं ते खाणं. त्यांची पद्धत मला जास्त भावते, कारण ती भावना विचारण्याआधी कृती विचारते. किती वेळा अडलं आणि किती अडलं, दोन्ही विचारून गुणाकार करते.

तरुणांच्या बाबतीत तर दात मोजून काहीच हाती लागत नाही. विजयपूर रस्त्यावरच्या ढाब्यावर काम करणारा एक पोरगा आमच्या व्हॅनमध्ये आला. वय पंचविशीच्या आत. बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर, कीड नावालाही नाही. तक्रार एवढीच की तिखट झोंबतं. मी त्याला तोंड उघडून तीन बोटं उभी घालून दाखवायला सांगितलं. साधारण माणसाची स्वतःची तीन बोटं वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये बसतात. त्याची दीड बसली. गालाच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं तर मऊ कातडीऐवजी ताठ पांढरट दोर लागत होते.

याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. सुपारीने होतो, मग ती गुटख्यातली असो, माव्यातली असो नाहीतर गोड सुगंधी पुडीतली. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय बायकांमध्ये तो नोंदवला, पुढच्याच वर्षी मुंबईत जोशी यांनी. आतली कातडी घट्ट होत जाते, आवळलेली परत सुटत नाही, आणि काहींच्या बाबतीत तिथेच कर्करोग उभा राहतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे. पुडी कुठे मिळते ते त्या पोराने मला न अडखळता सांगितलं.

त्याने सांगितलेल्या गोष्टी: वडापाव दाबून चपटा केल्याशिवाय तोंडात जात नाही. ढाब्यावर सगळी पोरं एका ताटात जेवतात, हा चहात पाव बुडवून बाजूला बसतो. शिट्टी वाजत नाही. आणि घरी मुलगी बघायचं चाललंय, पाहुण्यांसमोर पोह्याचा चमचा तोंडात कसा घालायचा ही त्याची मोठी काळजी. दात मोजणाऱ्याच्या वहीत याच्या नावापुढे शून्य पडतो. महाराष्ट्रातल्याच संशोधकांनी अलीकडे या रोगापुरती जीवनमानाची वेगळी प्रश्नावली तयार केली आहे आणि मला त्याचा फार आनंद आहे, कारण आपल्याकडचा हा छळ ॲडलेडच्या रुग्णांच्या बोलण्यात सापडणं शक्यच नव्हतं.

मिश्रीबद्दलही इथेच लिहिते. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत सुमारे २४ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरत असल्याचं दिसलं. आमच्या गावांतल्या बायकांत ती मिश्रीच्या रूपाने येते. बहुतेकींनी ती दाढ दुखायला लागल्यावर धरलेली असते. मिश्री लावली की ठणका बधिर होतो, मग ती सुटत नाही, हिरड्या खाली सरकतात, दात हलतो, आणखी दुखतो, आणखी मिश्री. जवळ दंतवैद्य असता तर ही साखळी पहिल्या दाढेलाच तुटली असती. त्यांना रागावणारे डॉक्टर पाहिले की मला वाईट वाटतं. त्या बाईला रात्री झोप हवी होती आणि तिच्या हाताशी तेवढं एकच औषध होतं.

आता कवळी. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ ची, तिच्यात दारिद्र्यरेषेखालच्या किंवा कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी काठी, वॉकर, चष्मा, श्रवणयंत्र यांच्याबरोबर दातांची कवळीही आहे. शेजारच्या कर्नाटकात दंतभाग्य योजनेतून गरीब ज्येष्ठांना मोफत कवळ्या मिळतात, केरळमध्ये मंदहासम नावाची अशीच योजना आहे. आमच्या सीमेवरच्या गावांतल्या लोकांचे अर्धे पाहुणे इंडी, विजयपूरकडे, त्यामुळे "तिकडं दात फुकट देत्यात" हे मला पुष्कळदा ऐकायला मिळतं. या योजना चांगल्याच आहेत, त्या वाढायला हव्यात.

माझं म्हणणं पुढचं आहे. कवळ्या वाटल्या किती याची नोंद सगळीकडे असते, तोंडात राहिल्या किती याची नसते. गावात फिरताना मला कवळ्या कुठे कुठे भेटल्या सांगू? देवघराच्या कोनाड्यात डबीत, ट्रंकेत साडीच्या घडीत, एका घरी नातवाच्या दप्तराच्या जुन्या कंपासपेटीत. पाहुणे आले किंवा फोटो काढायचा असला की घालायची, जेवताना काढून ठेवायची. बहुतेक वेळा दोष खालच्या कवळीचा. वरची टाळूला चिकटून बसते, खालचीला तसा आधारच नसतो, जीभ तिला सतत उचलते. त्यात दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत जातं. टॅलग्रेन यांनी २५ वर्षं रुग्णांचा पाठपुरावा करून १९७२ मध्ये दाखवलं की खालचा जबडा वरच्याच्या साधारण चौपट झिजतो. म्हणजे आज घट्ट बसलेली कवळी काही वर्षांनी डुगडुगणारच. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञ एकत्र आले आणि खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात पक्के रोवायचे धातूचे खुंट, बसवून त्यांवर कवळी अडकवणं हाच पहिला पर्याय धरावा असं त्यांनी सुचवलं. मी ते वर्गात शिकवते. पण ज्वारीच्या रानात राबणाऱ्या घराला इम्प्लांट परवडत नाहीत, तिथे आम्हाला साध्या कवळीवरच भागवावं लागतं, आणि साधी कवळीही नीट काम करते, जर ती दिल्यावर माणसाला वाऱ्यावर सोडलं नाही तर.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हिरडीला कुठेतरी टोचतं. ती जागा घासून द्यावी लागते, पाच मिनिटांचं काम. ते करायला कुणी येत नाही म्हणून कवळी डबीत जाते. सैल झाली तर आतून नवा थर देऊन परत बसवता येते, त्याला रिलाइनिंग म्हणतात, नवी कवळी लागत नाही. रात्री काढून पाण्यात ठेवायची, गरम पाण्यात घालायची नाही, वाकडी होते. आणि पहिल्या दिवशी भाकरी खायची नाही. मऊ भात, मग पोळीचा बारीक तुकडा दोन्ही बाजूंनी चावत, मग हळूहळू भाकरी. तुमच्या घरात कुणाची कवळी पडून असेल तर फेकू नका, ती घेऊन दंतवैद्याकडे जा.

जपानने १९८९ मध्ये ८०व्या वर्षी स्वतःचे २० दात अशी मोहीम सुरू केली. वीसच का, तर साधारण वीस दात असले की बहुतेक सगळं खाता येतं. २०१६ च्या पाहणीत तिथल्या ऐंशीच्या आसपासच्या निम्म्याहून जास्त लोकांकडे वीस किंवा अधिक दात होते. तिथेही दात मोजलेच, पण आधी ताटात काय आहे ते बघून आकडा ठरवला. मला हा क्रम फार योग्य वाटतो.

आमच्या नोंदवहीत चौदा प्रश्नांच्या खाली मी आता एक ओळ वाढवली आहे: काल काय जेवलात, कसं जेवलात, कुणाबरोबर बसून जेवलात. तिला गुण नाहीत, ती बेरजेत धरत नाही, नाहीतर जगभरच्या आकड्यांशी तुलना करता येणार नाही. ती फक्त माणसाच्या शब्दांत लिहून ठेवायची, सून आत असताना. आणि शिबिरं भरवणाऱ्यांपुढे एक मागणी ठेवली आहे की कवळी दिल्यावर सहा महिन्यांनी "तोंडात आहे की डबीत" असा रकाना भरल्याशिवाय ते काम पूर्ण धरू नये. एका ठिकाणी मान्य झालं आहे, बाकीच्यांशी बोलणं चालू आहे.

पुढची फेरी हुरड्याच्या दिवसांत काढायची ठरवली आहे. डिसेंबर-जानेवारीत रानात आगटी पेटते, सगळं घर भोवती बसतं, आणि कोण हुरडा चावतंय, कोण नुसतं गूळ चघळतंय हे विचारावं लागत नाही. व्हॅनमध्ये या वेळी माप घ्यायच्या सामानाबरोबर रिलाइनिंगचं सामान दुप्पट घेणार आहोत.